सुई चुकत नव्हती

एकतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. चुंबकत्वाचा धडा आला की फळ्यावर पृथ्वीचा गोल काढायचो, गोलाच्या पोटात एक जाड पट्टी काढायचो, तिच्या टोकांना ‘उ’ आणि ‘द’ लिहायचो आणि सांगायचो, “पृथ्वीच्या पोटात असा एक प्रचंड चुंबक आहे. त्याचा ध्रुव होकायंत्राच्या सुईला ओढून घेतो, म्हणून सुई कायम उत्तर दाखवते.” मुलं आकृतीसकट उतरवून घ्यायची. सहामाहीत यावर दोन गुणांचा प्रश्न ठरलेला असायचा आणि पाठ केलेल्याला दोनपैकी दोन मिळायचे.

ते वाक्य आज मला सगळंच्या सगळं मागे घ्यायचं आहे. पृथ्वीच्या पोटात पट्टीचुंबक नाही. ध्रुव सुईला ओढून घेत नाही. सुई नेमकी उत्तर दाखवत नाही, आणि जे दाखवते ते कायमचं नसतं. हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं, याची खंत आहे. त्याहून मोठी खंत एका मुलाबद्दलची आहे आणि खरं तर त्याच्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

आदल्या तासाला मी वर्गात एक प्रयोग करून दाखवला होता. शिवणाची सुई चुंबकावर घासून तिला टाचण्या चिकटवून दाखवल्या. मग तीच सुई चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवली, गार केली आणि पुन्हा टाचण्यांपाशी नेली. एकही टाचणी हलली नाही. “उष्णतेने चुंबकत्व जातं,” मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पृथ्वीची आकृती काढून झाली आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, काल सुई नुसती लाल झाली तर तिचं चुंबकत्व गेलं. भूगोलाच्या तासाला सांगितलंय की पृथ्वीच्या पोटात लोखंड वितळतं. मग तिथला चुंबक टिकतो कसा?”

मला उत्तर माहीत नव्हतं. तेवढंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “पुस्तकात आहे तेवढं लिही. बाकीचं कॉलेजात गेल्यावर.” वर्ग हसला, तो खाली बसला. सहामाहीच्या पेपरात त्याने लिहिलं होतं की पृथ्वीच्या आत चुंबक असू शकत नाही, कारण तिथे फार उष्णता आहे. मी लाल पेनाने शून्य दिलं. त्यानंतर वर्षभर त्याने काही विचारलं नाही. वर्गात शांतता आहे, मुलं लक्ष देतायत, असंच मी तेव्हा समजत राहिलो.

निरोप समारंभात सहकाऱ्यांनी मला खिशात मावेल असं पितळी होकायंत्र भेट दिलं. लेकीकडे ऑकलंडला जाताना ते मी सोबत नेलं. नात सात वर्षांची. पहिल्याच सकाळी तिने विचारलं, “आजोबा, उत्तर कुठे आहे?” विज्ञानाच्या मास्तरला याहून सोपा प्रश्न कोण विचारणार! मी होकायंत्र अंगणातल्या लाकडी बाकावर ठेवलं. सुई फिरेना. निरखून पाहिलं तर तिचं दक्षिणेचं टोक खाली झुकून तबकडीला टेकलं होतं आणि उत्तरेचं टोक वर काचेला लागलं होतं. वाटलं, सामानात दाबून बिघडलं असणार. डबी थोडी तिरकी धरली, तशी सुई सुटली, फिरली आणि थांबली. पण जिथे थांबली ती दिशा जावयाने दाखवलेल्या नकाशाशी जुळेना. सुई बरीच उजवीकडे, पूर्वेच्या अंगाला वळलेली. मी नातीला सांगितलं, “हे खराब झालंय.” माझ्या तोंडून हे वाक्य सहज आलं. का सहज आलं, ते पुढे सांगतो.

त्या दिवशी दुपारी नात झोपली आणि मला स्वस्थ बसवेना. नकाशाही चुकीचा असू शकतो, असं मनात आलं. चुंबकाला न विचारता उत्तर काढायची एक रीत आपल्याकडे फार जुनी आहे, शुल्बसूत्रांतही ती दिली आहे. सपाट जमिनीत एक खुंटी उभी रोवायची. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखायचं. सकाळी सावली आखडत येते तेव्हा तिचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खूण करायची, दुपारनंतर सावली लांबत जाते तेव्हा जिथे शिवतं तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते आणि तिला काटकोन केला की उत्तर-दक्षिण. दुसऱ्या दिवशी मी आणि नातीने हा खेळ मांडला. सूर्य तिथे दुपारी उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते, एवढाच फरक. संध्याकाळी रेषा आखून झाली. नकाशा बरोबर निघाला. रेषेवर होकायंत्र तिरकं धरून मी तिच्या कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा कोनमापक लावला. सुई खऱ्या उत्तरेपासून वीस अंश पूर्वेला होती.

वीस अंश म्हणजे थोडाथोडका फरक नव्हे. त्या सुईच्या भरवशावर उत्तरेकडे दहा किलोमीटर चाललो तर मुक्कामापासून साडेतीन किलोमीटर बाजूला निघू.

नंतर वाचत गेलो तसं कळलं की ऑकलंडला सुई तेवढीच वळायला हवी. होकायंत्रात काही बिघाड नव्हता. भौगोलिक उत्तर आणि सुईची उत्तर यांच्यातल्या कोनाला दिक्पात म्हणतात. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. हा शब्द मला पाठ होता. बीएस्सीला त्याची व्याख्या लिहून गुण मिळवले होते. पण महाराष्ट्रात दिक्पात एका अंशाहूनही कमी भरतो. आमच्या अंगणात खुंटीची रेषा आणि सुई एकमेकींवर पडतात, कोनमापकावर तो फरक वाचताही येत नाही. माझं चुकीचं वाक्य इथे रोज खरं ठरत होतं. मी न्यूझीलंडमध्ये मास्तर असतो तर पहिल्याच वर्षी एखाद्या मुलाने मला पकडलं असतं.

आणि ते झुकलेलं टोक? ते समजलं तेव्हा मला शाळेच्या प्रयोगशाळेतली एक वस्तू आठवली. कपाटात एक जुनं, मोठ्या तबकडीचं होकायंत्र होतं. त्याच्या सुईच्या दक्षिण बाजूला पितळेच्या बारीक तारेचे तीन-चार वेढे होते. कुणीतरी कधीतरी दुरुस्ती केली असेल असं मी मानत होतो. ती दुरुस्ती नव्हती, तोल होता. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसतं. आपल्या भागात ते पंचवीस-सत्तावीस अंशांनी जमिनीत शिरतं. त्यामुळे मधोमध तोललेल्या सुईला चुंबकत्व दिलं की तिचं उत्तरेचं टोक खाली जातं. ती आडवी राहावी म्हणून बनवणारा दक्षिणेच्या टोकाला थोडं वजन चढवतो. ऑकलंडला क्षेत्र साठ अंशांहून जास्त तिरकं असतं आणि उलट्या बाजूने, म्हणजे तिथे दक्षिणेचं टोक खाली जातं. त्यात भर आपल्याकडे दक्षिणेच्या टोकाला चढवलेल्या वजनाची. मग सुई तबकडीला टेकणार नाही तर काय? जावयाने तिथल्या दुकानातून दुसरं होकायंत्र आणून दिलं, ते बाकावर छान मोकळं फिरलं. ते मी घरी घेऊन आलो आणि इथे त्याचं उत्तरेचं टोक तबकडीला घासतं. दोन्ही होकायंत्रं आता माझ्या टेबलावर शेजारी शेजारी असतात. कुणी मूल घरी आलं की आधी ती दोन्ही त्याच्या हातात देतो.

या झुकण्याचा शोध ज्याने नीट मांडला तो रॉबर्ट नॉर्मन, लंडनचा, खलाशी म्हणून उमेदवारी केलेला आणि होकायंत्रं बनवणारा कारागीर. सुई नीट तोलून घ्यावी आणि चुंबकत्व दिलं की ती एका बाजूला कलावी, हे तो नेहमी पाहत होता आणि माझ्यासारखाच कारण न शोधता, वजन लावून मोकळा होत होता. एकदा एक मोठी सुई तोलण्यासाठी छाटता छाटता जास्त छाटली गेली, सगळं काम वाया गेलं आणि तो चिडला. पण चिडून त्याने सुई फेकली नाही, ती का कलते ते शोधायला बसला. १५८१ साली त्याने त्यावर पुस्तक छापलं. त्याच पुस्तकात आणखी एक प्रयोग आहे. तो मी घरच्या परातीत करून पाहिला आणि माझं दुसरं वाक्य गळून पडलं.

पितळी परात घ्या, स्टीलची नको. पाणी अगदी काठोकाठ भरा, नाहीतर बूच आपोआप काठाकडे सरकतं आणि उगाच घोटाळा होतो. चुंबकावर एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घासलेली शिवणाची सुई बुचाच्या चकतीवर आडवी ठेवून पाण्यात मधोमध सोडा. चकती सावकाश वळते, थोडी पुढे जाते, मागे येते आणि उत्तर-दक्षिण होऊन थांबते. आता थांबून पाहत राहा. उत्तरेचा ध्रुव सुईला ओढत असता तर चकती हळूहळू परातीच्या उत्तर काठाला जाऊन लागली असती. ती जागची हलत नाही, फक्त वळते. मी अर्धा तास स्टूल घेऊन बसलो होतो. पाण्यावर धूळ दिसायला लागली, तरी चकती मध्यावरच होती.

कारण असं की सुईच्या एका टोकाला जेवढा जोर उत्तरेकडे लागतो, बरोबर तेवढाच दुसऱ्या टोकाला दक्षिणेकडे लागतो. दोन्ही जोर एकमेकांना रद्द करतात, म्हणून सुई कुठे जात नाही. पण ते एका रेषेत नसतात तेव्हा सुईला पीळ बसतो. नळाची आडवी चावी दोन बोटांनी फिरवतो तसा. सुई क्षेत्राच्या रेषेत आली की पीळ संपतो आणि ती थांबते. आता परातीजवळ हातातला चुंबक आणा. चकती लगेच त्याच्याकडे धाव घेते, कारण जवळच्या टोकावरचा जोर लांबच्या टोकापेक्षा जास्त होतो. पृथ्वीचं क्षेत्र मात्र सुईच्या दोन टोकांत काहीच फरक करत नाही.

म्हणजे सुई लांबच्या कुठल्या जागेकडे पाहत नसते. ती उभी आहे तिथल्या क्षेत्राच्या रेषेत फक्त झोपते. ती इथली गोष्ट सांगते, ध्रुवाची नव्हे. हे ज्या दिवशी मनात पक्कं बसलं त्या दिवशी आणखी एक जुनी आठवण वर आली, आणि ती सुखाची नाही.

नववीच्या मुलांना घेऊन आम्ही साताऱ्याकडच्या एका किल्ल्यावर गेलो होतो. माथ्यावर एका कातळावर होकायंत्र ठेवून मुलं दिशा काढत होती. सुई भलतीकडेच दाखवायला लागली, सूर्य मावळत होता ती बाजू ती उत्तर म्हणत होती. मी ते होकायंत्र पिशवीत टाकलं आणि वर्षअखेरीस डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘नादुरुस्त’ असा शेरा मारून निर्लेखनाच्या यादीत घातलं. शाळेत आणून एकदा तपासावं, हेही सुचलं नाही. नातीला “हे खराब झालंय” म्हणालो ते याच सवयीने. सुईचं आणि माझं जमलं नाही की मी नेहमी सुईलाच खोटं ठरवत आलो होतो.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या किल्ल्यावर गेलो. गुडघे कुरकुरत होते, पण गेलो. बराच शोधून तो कातळ सापडला. पितळी होकायंत्र त्यावर ठेवलं आणि सुई पश्चिमेकडे वळली. वीतभर उचललं, सुई परतायला लागली. दोन पावलं बाजूला सरकलो, सुई सरळ उत्तरेला. पुन्हा कातळावर ठेवलं, पुन्हा वळली. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लोहाची चुंबकीय खनिजं असतात. उघड्या माथ्यावर वीज पडली की काही क्षणांच्या त्या प्रचंड प्रवाहाने जवळचा कातळ जबर चुंबकित होतो. त्या कातळावर कधीतरी वीज पडली असणार. होकायंत्राने ते बरोबर ओळखलं होतं आणि मी त्याला भंगारात काढलं.

या काळ्या पाषाणाबद्दल आणखी सांगायला हवं, कारण तो आपल्या पायाखालचा आहे आणि मी आयुष्यभर त्यावर चाललो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, थर गार होत गेला, आणि गार होताना त्यातल्या खनिजकणांनी त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. थर म्हणजे थिजलेलं होकायंत्रच. विसाव्या शतकाच्या मध्यावर शास्त्रज्ञांनी दख्खनच्या पाषाणाचे नमुने घेऊन त्यातली दिशा मोजली. तिरकेपणावरून दिसलं की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला बराच खाली होता आणि तिथून सरकत इथवर आला. पश्चिम घाटातल्या मोठ्या जाडीच्या थरांमध्ये दिशा उलटीही सापडते. म्हणजे त्या काळी कुणाच्या हातात होकायंत्र असतं तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं. पृथ्वीचं क्षेत्र असं पुष्कळदा उलटलं आहे. शेवटचं उलटलं त्याला पावणेआठ लाख वर्षं झाली. ‘कायम’ हा शब्द मी आठवीच्या वर्गात किती निर्धास्तपणे वापरत होतो!

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास सुई खऱ्या उत्तरेच्या ११ अंश पूर्वेला होती, १८२० च्या आसपास ती २४ अंश पश्चिमेला गेली होती आणि २०१९ मध्ये ग्रीनिचला ती पुन्हा खऱ्या उत्तरेवर आली. चीनमध्ये शेन कुओने १०८८ च्या सुमारास लिहून ठेवलं होतं की सुई अगदी नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित पूर्वेला कलते. जेम्स क्लार्क रॉस १८३१ साली कॅनडाच्या उत्तरेला ज्या जागी पोचला, तिथे झुकणारी सुई जवळजवळ सरळ खाली उभी राहिली. तो उत्तर चुंबकीय ध्रुव आता तिथे नाही, आर्क्टिक समुद्र ओलांडत सायबेरियाच्या बाजूला सरकला आहे. धावपट्ट्यांचे क्रमांक सुईच्या दिशेवरून ठरतात, म्हणून विमानतळांना ते मधूनमधून बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडने २००९ मध्ये बदलले. आणि आपल्या मोबाइलमधलं होकायंत्र खरी उत्तर दाखवतं तेव्हा ते आधी आपण कुठे आहोत ते पाहतं आणि तिथला दिक्पात हिशेबात धरतं. पाकिटाच्या झाकणातला चुंबक त्याच्याजवळ असला तर तेही भरकटतं.

हे सगळं मोजणारी माणसं आपल्या दाराशी होती आणि मला पत्ता नव्हता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी ठेवल्या जात होत्या. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेलं प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या आणि कुलाब्याच्या नोंदीत आडवं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं, म्हणजे नेहमीच्या चार टक्क्यांच्या आसपास. त्या वादळाचा जोर किती होता हे ठरवताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या त्या नोंदीचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने उपकरणं बिघडणार, हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांनी जागा बदलली. चुंबकीय नसलेला पोरबंदरी दगड वापरून अलिबागला वेधशाळा बांधली. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या आणि पुढची दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुनी आणि नवी नोंद एकमेकींना जोडता यावी. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. मूस तिच्या आधीच तयार होते.

अलिबागला मी शाळेची किमान आठ सहल-पथकं नेली. किनारा दाखवला, ओहोटीला चालत जाऊन किल्ला दाखवला. वेधशाळेच्या कुंपणावरून बस गेली तेव्हा मी मुलांची मोजणी करत होतो. एकदाही म्हणालो नाही की पोरांनो, बघा, इथे सुईच्या बारीकसारीक हालचाली शंभर वर्षांहून जास्त काळ टिपल्या जातायत.

आता त्या मुलाला उत्तर देतो. तू आता चाळिशीच्या पुढे असशील. कुठे आहेस मला माहीत नाही.

तू म्हणालास तेच खरं. लोखंड ७७० अंश सेल्सिअसला आपलं चुंबकत्व टाकतं. पृथ्वीच्या गाभ्यात तापमान पाच हजार अंशांच्या घरात आहे. तिथे पट्टीचुंबक टिकू शकत नाही. विल्यम गिल्बर्टने १६०० साली पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे असं लिहिलं आणि ते फार मोठं पाऊल होतं, पण पुढची तीनशे वर्षं माणसं तुझ्याच प्रश्नापाशी अडली होती. १९१९ मध्ये जोसेफ लार्मर यांनी सुचवलं की आत चुंबक नसून डायनॅमो असावा. सायकलच्या चाकाला लागणारा डायनॅमो तू पाहिला असशील, तो फिरला की दिवा लागतो. त्यात आधीच एक चुंबक बसवलेला असतो. वीजकेंद्रातली मोठी जनित्रं मात्र स्वतः तयार केलेल्या विजेचाच थोडा भाग वापरून आपलं चुंबकीय क्षेत्र टिकवतात. पृथ्वीचं तसंच आहे. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे. तळाशी तो तापतो, वर येतो, गार होतो, खाली जातो, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून त्या प्रवाहांना वळसे पडतात. लोखंड वितळलं तरी वीज वाहून नेतं. आधीच्या क्षेत्रातून ते वाहिलं की त्यात वीज निर्माण होते, त्या विजेने पुन्हा क्षेत्र तयार होतं. आत चुंबक टिकत नाही, रोज नव्याने बनत राहतो. लोखंड वाहतं आहे, म्हणूनच दिशा सरकते, जागोजागी वेगळी असते आणि कधीतरी उलटते. तुझ्या प्रश्नाचा धागा धरला असता तर हे सगळं त्याच एका तासात वर्गात आलं असतं. मला ठाऊक नव्हतं तर आपण दोघांनी मिळून शोधलं असतं.

तू पेपरात लिहिलेलं वाक्य मला अजून आठवतं. पृथ्वीच्या आत चुंबक असू शकत नाही, कारण तिथे फार उष्णता आहे. ते बरोबर होतं. कारणही बरोबर होतं. मी शून्य दिलं ते चुकीचं होतं. ते दोन गुण तुझे होते.